एका फटफटीचे दोन नंबर

खात्यात मी उभी हयात घालवली. खून बघितले, दरोडे बघितले, एका केसमध्ये तर विहीर उपसून पुरावा काढला. तरीपण कुणी म्हटलं की एखादी केस सांगा, तर माझ्या डोळ्यांपुढं आधी उभी राहते ती मिलिटरीची एक हिरवी फटफटी, ठाण्याच्या आवारात लिंबाखाली लावलेली.

नावं लिहिणार नाही. ठाण्याचंही नाही. कराड ओलांडून खाली सांगलीकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमची हद्द होती एवढं पुरे. ज्यांची ही हकीकत आहे त्यातल्या एकाला मी रहिमतपूरकर म्हणतो, दुसऱ्याला सांगलीकर, कारण ते तिथले होते. मी तेव्हा जमादार होतो. शिक्षण चार यत्ता. पुढं फौजदार होऊन पेन्शनीत आलो, ते बुकं वाचून नव्हे. माणूस बघितला की तो कसला आहे ते मला कळायचं, आणि त्याचा मला गर्व होता. आता म्हातारपणी खोटं कशाला बोलू, अजूनही आहे.

लढाई नुकतीच संपली होती. धान्य इकडचं तिकडं न्यायला बंदी, म्हणून रस्त्यावर आमचा नाका. बांबूचा आडणा, एक पत्र्याची शेड, एक माठ, एक टेबल आणि त्यावर नाक्याची वही. येणारी-जाणारी प्रत्येक मोटार त्या वहीत लिहायची. फटफट्या फार थोड्या. ज्या होत्या त्या बहुतेक मिलिटरीनं लिलावात काढलेल्या, सगळ्या एका साच्यातल्या, सगळ्या हिरव्या. घेणारेही बहुतेक लढाईवरून परत आलेले गडी. रहिमतपूरकर त्यातलाच. पलटणीत तो फटफटीवरून टपाल पोचवायचा. डावा पाय गुडघ्याखाली वाकडा होऊन परत आला होता. नांगर धरणं त्याला होत नव्हतं, पण फटफटी चालवायला तो पाय पुरत होता. सांगलीच्या पेठेतल्या एका जैन हळद-व्यापाऱ्यानं त्याला काम दिलं होतं. आमच्या भागातल्या हळदीचे नमुने पुड्या बांधून पेठेत न्यायचे, आणि तिथला निरोप गावोगाव द्यायचा. आठवड्यातनं दोन खेपा. त्या गाडीवर तो आणि त्याची आई जगत होती.

त्याच्यासारखी गाडी ठेवणारा माणूस मी नंतर बघितला नाही. दर रविवारी चाकाच्या एकेका तारेला खिळ्यानं टिचकी मारून आवाज ऐकायचा. एखादी तार बद्द वाजली की तेवढीच आवळायचा. साखळी काढून घासलेटात धुवायची, मग पातळ केलेल्या ग्रीसमध्ये बुडवायची. ब्रेकच्या दोरीला तेल, हॉर्न वाजतो का, दिवा लागतो का. गाडीचं बुक, लायसन, टॅक्सची पावती, पेट्रोलची कुपनं, सगळं मेणकापडाच्या पिशवीत छातीशी. नाक्यावर आला की मी मागायच्या आधी पिशवी सोडायचा.

"बघून घ्या, जमादार."

"तुजं काय बघायचं रं? जा."

असं मी दर खेपेला म्हणायचो. इथं माझी पहिली चूक झाली. ओळखीच्या माणसाची गाडी तपासायची नाही, हा आमच्या भागातला भिडस्तपणा. खात्यात तो चालत नाही.

माघ महिन्यात सांगलीहून तार आली. पेठेसमोरून भर बाजारात एक हिरवी फटफटी चोरीला गेली होती. तारेत इंजिनाचा नंबर दिला होता. पूर्ण नंबर आठवत नाही, पण शेवटचे आकडे सातशे बारा. मालक तो सांगलीकर, रहिमतपूरकराचा पलटणीतला दोस्त. दोघांनी एकाच लिलावात, एकाच दिवशी दोन गाड्या घेतल्या होत्या.

चोर पाटी बदलतो, रंग बदलतो, पण इंजिनावर ठोकलेला नंबर सहसा बदलत नाही. म्हणून मी दोन कामं केली. नाक्यावर येणाऱ्या प्रत्येक फटफटीपुढं वाकून इंजिनाच्या बगलेचा नंबर बघायचा आणि वहीत लिहायचा. दुसरं, सातशे बाराची चिठ्ठी भागातल्या प्रत्येक मिस्त्रीला द्यायची. पोलिसाला चुकवता येतं, पण मिस्त्रीला चुकवून गाडी किती दिवस चालवणार? कधीतरी प्लग काळा पडतोच.

पाच आठवडे गेले. रहिमतपूरकर दर खेपेला आडण्याशी थांबून विचारायचा, "माज्या दोस्ताची गाडी घावली का वो?" मी म्हणायचो, "घावंल." आणि त्याला तपासल्याशिवाय सोडायचो.

मग एका सकाळी मलकापूरचा मिस्त्री स्वतः चालत ठाण्यात आला. हाताला ग्रीस तसंच.

"जमादार, सातशे बारा घावला."

"कुणाकडं?"

"तुमी ज्याला दर खेपेला सलाम घेऊन सोडता त्याच्याकडं." तो खाली बघून म्हणाला. "काल प्लग साफ कराया आला हुता. बगल पुसली आन् आकडा दिसला. मी काय बोललो न्हाई. दोनदा वाचला मात्र."

मला राग आला तो चोरीचा नव्हे. पाच आठवडे हा गडी मलाच विचारत होता की गाडी सापडली का. माझ्या तोंडावर. त्याच दुपारी नाक्यावर तो आला तेव्हा मी आडणा खाली ठेवूनच वाकलो. इंजिनावर सातशे बारा. पिशवीतलं बुक काढलं, बुकात इंजिन तीनशे एक्केचाळीस. पाटी मात्र बुकाबरोबर जुळत होती.

"उतर," मी म्हणालो.

त्यानं स्वतः वाकून नंबर वाचला. मग बुक वाचलं. मग परत नंबर. तोंडचं पाणी पळालं म्हणतात ते तेव्हा मी बघितलं. मला वाटलं, पकडला गेला म्हणून.

"जमादार, गाडी माजीच हाय. फ्रेमचा नंबर बगा. हँडलच्या खाली, हितं मानंवर ठोकलाय."

मी बघितलं. दिव्याच्या मागं, फटफटीच्या मानेवर, बोटभर जाडीचा शेंदूर. तेलात कालवलेला, वर हळदीकुंकू, त्यात झेंडूच्या पाकळ्या चिकटून वाळलेल्या. दर अमावास्येला एक थर आणि दसऱ्याला मोठा थर. आमच्याकडं गाडीचं कपाळ म्हणजे तेच. पूजा करायची ती तिथंच, आणि कारखान्यानं नंबर ठोकला तोही नेमका तिथंच.

"खरवडू?" मी चाकू काढला.

"नगा," तो म्हणाला. "आईनं लावलंय. दसऱ्यापतोर त्याला लोखंड लागू द्यायचं न्हाई, असं तिनं बजावलंय."

खरं सांगतो, मलाही ते नकोच होतं. पूजा झालेल्या कपाळाला चाकू लावायचा, आणि तोही दिवस अमावास्येचा. मी चाकू मिटला. पण मनात लिहून ठेवलं, की खरा असता तर स्वतः खरवडून दाखवलं असतं. तारेत इंजिनाचा नंबर होता, इंजिनाचा नंबर मला सापडला होता. आणखी काय पाहिजे?

पंचनामा केला, गाडी मुद्देमालात घेतली, त्याला कोठडीत. दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटपुढं उभा करून रिमांड घेतला. माझा हिशेब सरळ होता. ह्याची स्वतःची गाडी काहीतरी होऊन मोडली. मग दोस्ताची उचलली, स्वतःची पाटी तिच्यावर ठोकली आणि जुन्या बुकावर चालवतोय. घरच्या चोरीत चोर बहुधा ओळखीचाच असतो.

"तुजी गाडी कुठं टाकलीस?"

"हीच माजी गाडी हाय."

"मग त्या गाडीचं इंजिन हिच्यात कसं?"

"त्येच कळंना झालंय मला."

तीन दिवस हेच. मारहाण केली नाही. करणारे होते, पण त्याचा वाकडा पाय बघून माझा हात धजला नाही. तो एकच गोष्ट परत परत म्हणायचा. हळदीचा हंगाम सुरू झालाय, सोमवारच्या बाजाराला नमुने पोचले नाहीत तर व्यापारी दुसरा माणूस धरील. "शेटजी भला हाय, पर हळद कुणासाठी थांबत न्हाई वो." सांगलीकराचं पत्र आलं, माझा दोस्त चोरी करणार नाही. मी ते फायलीला लावलं. दोस्त असंच लिहितात. सांगली संस्थानाकडून आरोपीला तिकडं मागवून घ्यायचे कागदही निघाले होते. सांगली तेव्हा वेगळं राज्य. एकदा गडी तिकडच्या कोठडीत गेला, की आमचं सरकार आणि त्यांचा दरबार पत्रापत्री करेपर्यंत पावसाळा लागला असता.

चौथ्या दिवशी, शनिवारी सकाळी त्याची आई आली. रहिमतपूरला आगगाडीत बसून कराडला उतरली आणि तिथनं पायी. काळी चंद्रकळा, हातात भाकरीचं फडकं. ठाण्यात आलेली बाईमाणसं बहुधा दारात रडायला लागतात. ही थेट माझ्या टेबलापुढं.

"आवं, माज्या ल्योकाला कशापायी धरलंय?"

मी सगळं सांगितलं. इंजिनाचा नंबर, बुकाचा नंबर, आणि कपाळाचा नंबर शेंदराखाली आहे म्हणून बघता आला नाही.

"शेंदराखाली हाय तर शेंदूर काडायचा."

"तुमीच लोखंड लावू नको म्हणाला होता ना?"

"लोखंड नगं म्हनलं. पुसू नगं कुटं म्हनलं?" ती माझ्याकडं बघत राहिली. "आवं जमादार, देवाला आमी रोज आंगूळ घालतो. काल लावल्यालं आज धुतो. तवा देव कुटं पळून गेलाय का? तुमी एवडं मोटं गडी, टोपीवालं, आन् शेंदराला भ्याला?"

दारातला शिपाई हसला. मी त्याला माठ भरायला पाठवला.

ती लिंबाखाली गेली. माझ्या कंदिलातलं घासलेट मागितलं, पदराचा कोपरा भिजवला, आणि बोटानं रगडायला लागली. एकेक थर निघत होता. हळद, मग तांबडं, मग काळपट, मग परत तांबडं. पदराचा कोपरा पार लाल झाला. खालून लोखंड निघालं आणि त्यावर ठोकलेले आकडे. मी बुक उघडलं आणि एकेक आकडा बोटानं धरून वाचला. जुळला. सगळाच्या सगळा.

म्हणजे सांगाडा ह्याचा आणि इंजिन दोस्ताचं. मी लेकाला कोठडीतनं बाहेर काढला आणि आईशेजारी बसवला.

"ही गाडी शेवटची कवा खोलली व्हतीस?"

"खंडेनवमीच्या आदल्या दिशी."

"कुठं?"

"सांगलीला, दोस्ताच्या परड्यात. दोगांनी मिळून."

"कुणाची खोलली?"

"दोगांच्या बी." असं म्हणून तो थांबला. बघा, माणसाला एखादी गोष्ट बोलता बोलताच दिसते. "एकच ताडपत्री हातरली हुती," तो हळूहळू म्हणाला. "दोनी इंजिनं खाली काडली. घासलेटात धुतली. वैनीनं जेवाय वाडलं. जेवून आलो आन् बसवली."

"कुठलं कुणाचं ते बघितलंत?"

"कशाला बगतोय? पलटणीत वर्कशॉपमदनं इंजिन यायचं ते बसवायचं. कुणाचं म्हनून कोण इचारतोय? सगळी सरकारचीच."

आई म्हणाली, "घ्या. एका ताटात जेवून दुसऱ्याच्या वहाना घालून आला."

हे काम मिस्त्रीनं केलं असतं तर असं झालं नसतं. मिस्त्री गिऱ्हाइकाचं गिऱ्हाइकाला परत करतो. ही दोघं पलटणीतली, हात सराईत, काम चोख. गाड्या झक्क ठेवल्या, बुकंही पिशवीत झक्क ठेवली, पण गाडी आणि बुक एकापुढं एक धरून कधी बघितली नाहीत. पिशवीतला कागद आणि रस्त्यावरची गाडी सहा महिने वेगवेगळ्या वाटेनं चालली होती आणि दोघांनाही पत्ता नव्हता.

मी समाधानानं तंबाखू मळायला लागलो आणि हात मध्येच थांबला. ह्याच्याकडं सांगलीकराचं इंजिन, तर सांगलीकराच्या गाडीत ह्याचं. म्हणजे चोरानं जी नेली तिच्या इंजिनावर नंबर तीनशे एक्केचाळीस. आणि मी पाच आठवडे सातशे बारा शोधत होतो.

उठलो, नाक्यावर गेलो, वही मागं मागं चाळली. माघातल्या पानावर, चोरीच्या तिसऱ्या दिवशी, माझ्याच हातची ओळ. इंजिन तीनशे एक्केचाळीस. रंग काळा. जाणार लोणंद. बुक नूतनीकरणास टाकले, पावती पाहिली.

मला तो माणूस आठवला. कोट, पंपशू, बोलायला गोड. त्यानं मला पान दिलं होतं. रंगाचा वास येत होता, आणि मी विचारलंही होतं की नवा रंग का. तो म्हणाला, लग्नघरी जायचंय. काळ्या रंगाच्या मधोमध कपाळावर जुना शेंदूर तसाच होता. चोरानंही तो खरवडला नव्हता, त्याच्या भोवतीनं ब्रश फिरवला होता. आणि मी, वाकून नंबर घेतल्यावर, त्या शेंदराला हात लावून कपाळाला लावला होता आणि म्हणालो होतो, जा, देव पाठीशी आहे.

लोणंदला शनिवारीच दोन शिपाई घेऊन गेलो. बाजारात कांद्याच्या वखारीमागं गाडी सापडली. ह्या वेळी शेंदूर मी स्वतः पुसला, घासलेटानं. निघण्याआधी सांगलीहून तारेनं मागवलेला फ्रेमचा नंबर त्याच्याशी जुळला, गाडी सांगलीकराचीच. पंपशूवाल्यानं अर्ध्या तासात कबुली दिली. त्यात माझी हुशारी काही नाही, मानेवरचा आकडाच बोलत होता.

रविवारी दुपारी रहिमतपूरकराला सोडायचा हुकूम आला. त्याची आई रात्री ठाण्याच्या ओसरीवरच झोपली होती. पण सोडून भागत नव्हतं. त्याचं इंजिन लोणंदच्या गाडीत, ती गाडी मुद्देमाल, केस संपेपर्यंत ठाण्यात. त्याला सोमवारी सांगलीत पोचायचं, तर दोस्ताचं इंजिन घेऊनच जावं लागणार. बुक जुळणार नाही. वाटेत तीन नाके आणि पलीकडं संस्थानचे पोलीस. साताऱ्याच्या मोटार कचेरीत बुक दुरुस्त व्हायला महिना.

फौजदारसाहेब म्हणाले, "जमादार, तुम्ही पकडलंत, तुम्हीच दाखला लिहून द्या. शिक्का मी मारतो."

लिहिणं म्हणजे माझा घाम. पाऊण तास बसून मी पाच ओळी लिहिल्या. सदर गाडीत सदर इंजिन असल्याबद्दल गैरसमज झाला होता, तो दूर झाला, सबब कोणी अडवू नये. त्यानं कागद घेतला, वाचला. पलटणीत तो वाचायला चांगलं शिकला होता.

"गैरसमज कुणाचा?"

"झाला होता. बास की."

"कुणाचा त्ये लिवा. न्हाईतर म्होरल्या नाक्यावर म्हनत्याल, ह्येचाच काय तरी घोळ हुता. मला परत बसवत्याल."

"जमादारानं स्वतःची चूक लिहून द्यायची रीत नाही."

"मग मी हितंच बसतो," तो म्हणाला, आणि लिंबाखाली बसला. आई त्याच्याशेजारी. तिनं फडकं सोडलं आणि दोघं निवांत भाकरी खायला लागली. मी आत, ती बाहेर. मी हट्टी आहे, पण तिच्यापेक्षा नाही. थोड्या वेळानं ती तिथनंच म्हणाली, "लिव बाबा. आमी काय चावडीवर लावणार हाय व्हय?"

मी नवा कागद घेतला. इंजिनाचा नंबर पाहिला, फ्रेमचा पाहिला नाही, ही चूक माझी, जमादार अमुक. खाली सही. साहेबांनी वाचून शिक्का मारला.

त्यानं लगेच गाडी काढली नाही. चार दिवस उभी होती म्हणून चाकातली हवा बघितली, तारांना टिचक्या मारल्या, ब्रेक दाबून बघितला, साखळी बोटानं उचलून बघितली. मग कागद बुकात, बुक पिशवीत. आईला म्हणाला, बस मागं, आगगाडीच्या ठेसनापतोर सोडतो. ती म्हणाली, "नगं. मी चालत जाते. तुज्या कागदाची शाई अजून वली हाय, आदी नाक्यावर चालतोय का बग."

ह्या केसनं मला काय शिकवलं असं कोणी विचारलं तर मी एवढंच सांगतो. कागद जपून ठेवला म्हणजे कागद खरा झाला असं नाही. तो काढून वस्तूपुढं धरावा लागतो, गाडी खोलल्यावर दर वेळी, आणि दोन्ही नंबर बघावे लागतात. माणसाचंही तसंच. ज्याला मी चांगला म्हणून न तपासता सोडत होतो तो चांगलाच निघाला, आणि ज्याला चांगला म्हणून देवाच्या नावानं सोडला तो चोर. माझा अंदाज निम्मा खरा ठरला. पोलिसाचं निम्म्यावर भागत नाही. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी फटफटीला हात लावला तो घासलेटाचं फडकं घेऊनच. लोक हसायचे.

त्या दिवशी मी सायकलीनं त्याच्या मागोमाग नाक्यापर्यंत गेलो. रविवारचा दिवस, बैलगाड्यांची रांग लागलेली, पाच-पंचवीस गाडीवान बिड्या ओढत उभे. रहिमतपूरकरानं पिशवी सोडली. नाक्यावरच्या शिपायाला मी आदल्याच दिवशी ताकीद दिली होती, की यापुढं ओळखीचा असो की बिनओळखीचा, कागद नुसता बघायचा नाही, वाचायचा. शिपाई माझ्यासारखाच चार यत्ता. मनात वाचता येत नव्हतं त्याला, मोठ्यानंच वाचायचा. त्यानं सगळ्या ओळी रांगेतल्या शेवटच्या गाडीपर्यंत ऐकू जातील अशा वाचल्या, माझ्या नावासकट. मी आडण्याला धरून उभा होतो. वाचून झाल्यावर त्यानं माझ्याकडं बघितलं.

"सोडू का, जमादार?"

"आधी दोन्ही नंबर बघ," मी म्हणालो.